नोंद दोन्ही बाजूंनी पूर्ण असावी
(माजरी येथील भाषण)



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण नोंदीचे मोल आम्हाला कळते. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात नोंदीचे काय काम आहे, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. परंतु तरुण वयात स्तन बहुधा दाट असतात. असा दाट भाग चित्रात पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे कधी रोग असूनही तो नजरेतून सुटतो. अशा बाईला पुढे कर्करोग निघाला, तर तिचे जुने चित्र संशोधकांना फार मोलाचे ठरते. मात्र ते चित्र आणि पुढचा निकाल एकमेकांना जोडलेला हवा. जमा लिहिली आणि नावे लिहिलेच नाही, तर खतावणी जुळत नाही.

मुंबईत टाटा मेमोरियल केंद्राने १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथे मॅमोग्राफी नव्हती. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. तपासणीच्या फेऱ्या चारच झाल्या, पण नोंदींचा पाठपुरावा वीस वर्षे चालला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्याखालील वयात तसा फरक दिसला नाही. पाठपुरावा अर्धवट सुटला असता, तर हे कळले नसते.

जुन्या चित्रांवर शिकवलेला संगणक आता डॉक्टरांच्या मदतीला आला आहे. स्वीडनमधील ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत त्याने चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी हलके केले, असे २०२३ साली जाहीर झाले. पण ती चित्रे तिकडच्या स्त्रियांची. आपल्याकडे हा रोग तुलनेने कमी वयातही आढळतो. आपल्या भगिनींच्या नोंदीच नसतील, तर तो संगणक आपल्यासाठी कितपत भरवशाचा, हे ठरणार कशावरून?

माजरीची बाई चंद्रपूरला चित्र काढते, उपचाराला नागपूरला जाते. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. खाणीतील बदली झाली की पत्ताही बदलतो. मग दोन्ही कागद एकाच बाईचे, हे कोण ओळखणार?

म्हणून विनंती अशी : सर्व कागदांवर एकच नाव लावावे. जुनी चित्रे जपून ठेवावीत. पुढे काय निघाले ते पहिल्या दवाखान्यालाही कळवावे. संशोधनासाठी संमती मागितली, तर नाव-पत्ता काढूनच नोंद वापरणार का, हे विचारावे. नकार देण्याचाही आपल्याला हक्क आहे. विद्यार्थ्यांनी शेजारच्या मावशी-काकूंचे कागद तारखेप्रमाणे लावून द्यावेत. आणि गाठ लागली, तर लाजेने एक दिवसही दवडू नये.