सुदाम्याची पुरचुंडी
(हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



यंदाच्या हस्तलिखितात आपल्या मुलांनी विनोदी लेख बरेच लिहिले आहेत. त्यांतील एक-दोन माझ्यावरही आहेत. ते वाचून मी मनापासून हसले आणि मग एक प्रश्न मनात आला : उपहास करणारा लेखक लेखणी कशासाठी उचलतो आणि वाचकाकडे कोणत्या नजरेने पाहतो?

मला उत्तर सापडते ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपाशी. ते व्यवसायाने वकील. पुण्या-मुंबईपासून दूर, वऱ्हाडात राहणारे. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आलेल्या पहिल्याच विनोदी लेखात त्यांनी विषय घेतला तो आपल्या रोजच्या परिचयाच्या साक्षीदाराचा. ते सुधारणावादी होते आणि पोकळ रूढींची त्यांना मनस्वी चीड होती. परंतु रूढींवर त्यांनी व्याख्यान दिले नाही. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही भोळी मंडळी उभी करून त्यांच्याकडून रूढींचे समर्थनच करविले, आणि तेही इतके मनोभावे की तिचा पोकळपणा वाचकाला आपोआप दिसावा. निष्कर्ष वाचकावर सोपविणे हा त्याच्या बुद्धीचा सन्मान होय.

आणि पुस्तकाचे नाव काय? ‘सुदाम्याचे पोहे’! दरिद्री मित्राने संकोचाने आणलेली पुरचुंडी. म्हणजे वाचक कोण? साक्षात श्रीकृष्ण! वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात न उभे करता या वकिलाने त्याला मित्राच्या आसनावर बसविले. हसू ओढवून घेतले ते ‘मी’ म्हणविणाऱ्या सुदाम्यावर.

हे मला फार उशिरा उमगले. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी मुलांच्या हिंदीमिश्रित मराठीवर एक लेख लिहून संमेलनात वाचला. सभागृह खळखळून हसले. जिचे वाक्य मी जसेच्या तसे उचलले होते, त्या मुलीने पुढे वर्षभर वर्गात मराठीतून एकही प्रश्न विचारला नाही. माझा हेतू भाषाशुद्धीचा होता, असे मी स्वतःला बजावीत राहिले. खरे सांगायचे तर मला टाळ्या हव्या होत्या. तो लेख तिच्यासाठी नव्हताच; तिला हसणाऱ्यांसाठी होता. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवू पाहणाऱ्या शाळेत एका मुलीची मराठी मी गप्प केली.

म्हणून मुलांनो, लिहा, आमच्यावरही लिहा. अन्याय दिसला तर लेखणीची धार मुळीच बोथट करू नका. फक्त लेख पुरा झाल्यावर स्वतःला विचारा : हा मी कोणासाठी लिहिला? ज्याच्या चुकीवर लिहिला, त्याच्यासमोर बसून मला तो वाचता येईल का? आणि त्या हसण्यात मी स्वतः कुठे आहे? उत्तर देता आले, तर तुमच्या पुरचुंडीत पोहे आहेत असे समजा.