आंब्याची कोय आणि पिल्लू



आंब्याचे दिवस आले की आम्हा पशुवैद्यांना हमखास एक फोन येतो. “डॉक्टर, पिल्लानं कोय गिळली. शीवाटे पडून जाईल ना?” आज मला बोलायचं आहे ते या आशेबद्दल, कारण तिच्या भरवशावर लोक दोन-दोन दिवस थांबतात आणि ते दिवस पिल्लाला फार महाग पडतात.

साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते दिसेल ते चावत सुटतं. त्यात कोय गोड आणि बुळबुळीत. चघळता चघळता अख्खी घशाखाली उतरते. तिचं कवच पोटात विरघळत नाही. कधी ती जठरात कित्येक दिवस पडून राहते. पिल्लू मधूनच उलटी करतं, पुन्हा खेळायला लागतं, आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. मग ती लहान आतड्यात सरकते आणि तिथं अडकते. अडकल्या जागी आतड्याचा रक्तपुरवठा दबतो, आतडं काळं पडतं. ते फुटलं, तर आतली घाण पोटभर पसरते. लहान, गुळगुळीत वस्तू पुष्कळदा आपसूक बाहेर पडतात हे खरं. पण कुठल्या वस्तूची वाट पाहायची आणि कुठल्या वस्तूची नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

म्हणून पिल्लानं काही गिळलेलं दिसलं, की घड्याळ बघा आणि लगेच फोन करा. काय गिळलं, केव्हा, पिल्लाचं वजन किती, एवढं सांगा. तशीच दुसरी वस्तू किंवा उरलेला तुकडा घरात असेल तर सोबत आणा. पहिल्या दोनेक तासांत वस्तू बहुधा जठरातच असते. तेव्हा इंजेक्शननं उलटी करवता येते किंवा दुर्बिणीनं वस्तू काढता येते, पोट उघडावं लागत नाही. कोय मोठी असेल तर उलटीत ती अन्ननलिकेत अडकू शकते, टोकदार वस्तू वर येताना जखमा करते. त्यामुळे उलटीचा निर्णय आमच्यावर सोडा.

आणि कळकळीनं सांगते, उलटी व्हावी म्हणून घरी मिठाचं पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम भलतंच वाढून पिल्लाला झटके येतात, जीवही जातो. तोंडात ओतलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइडनं जठराला जखमा होतात. मनानं केळं किंवा भातही भरवू नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल गिळला असेल, तर क्षणभरही थांबू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल पंधरा-वीस मिनिटांतच आतली त्वचा जाळू लागतो. दोन लोहचुंबक गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पाडतात.

दोऱ्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं. शिवणाचा दोरा, मांजा, लोकर. याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात पुढे जात राहतो. नाडी ओढल्यावर पायजम्याचा नेफा चुणतो, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तरी तो ओढू नका. ओढलेला दोरा आतड्याला कापत जातो.

पिल्लाचा श्वासच अडकला असेल, जीभ निळी पडत असेल, तर मात्र दवाखान्याची वाट पाहू नका. तोंड उघडा. वस्तू नीट दिसत असेल तरच बोटानं बाजूनं काढा. न दिसता बोट घातलं तर ती आणखी आत जाते. लहान पिल्लाला डोकं खाली करून धरा, खांद्यांच्या मध्ये तळव्यानं चार-पाच थापा मारा आणि तसंच दवाखान्याकडे निघा.

पुष्कळदा गिळताना कुणी पाहिलेलंच नसतं. पिल्लू वारंवार ओकतं, पाणीही ठरत नाही, लाळ गळते, शी होत नाही. छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून राहतं. ते खेळायला बोलावतंय असं समजू नका, पोट दुखतंय. लस न झालेल्या पिल्लात ही उलटी पार्वो या विषाणूच्या आजाराचीही असू शकते, म्हणून दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. एक्स-रेत धातू, दगड, हाड दिसतं. मोजा, प्लॅस्टिक, मक्याच्या कणसाचा दांडा बहुधा दिसत नाही. एक्स-रे साफ आला तरी सोनोग्राफीला नाही म्हणू नका. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या ठिकाणी या सोयी आहेत. गावाकडे आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि पुढं कुठं न्यायचं ते तिथंच विचारा.

आतडं उघडून शस्त्रक्रिया झाली, तर तिसरा ते पाचवा दिवस जास्त जोखमीचा. पिल्लू तोवर शेपूट हलवत तुमच्या ताटाकडे बघायला लागलेलं असतं, पण आतले टाके त्याच दिवसांत उसवण्याची भीती असते. डॉक्टरांनी सांगितलेलंच मऊ अन्न थोडं थोडं द्या, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढू नका, आणि उलटी झाली किंवा ते मलूल पडलं, तर रात्र असली तरी आम्हाला उठवा.