दहावी झाली, आता पुढं काय?

(मे महिन्यात झालेल्या पालक आणि विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातलं बोलणं. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं.)





वनहक्काच्या दाव्यांची बैठक वेगळी आहे, आज त्यावर बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या पोरांच्या शिक्षणावर. पण हा विषय जमिनीपासून लांबचा आहे असं कुणी समजू नका.

माणसं वीटभट्टीवरून, रेतीवरून परत आली आहेत. राब भाजून झाला. पाऊस यायला अजून थोडे दिवस आहेत. बारावीचा निकाल आता लागेल, दहावीचा त्यानंतर. मग पेरणी, मग आवणी. आणि कॉलेजचे, आयटीआयचे, वसतिगृहाचे फॉर्म भरायची मुदतही नेमकी तेव्हाच. दरवर्षी काय होतं? आई-बाप चिखलात, पोर एकटंच तालुक्याला जातं. मित्र ज्या रांगेत उभा, त्या रांगेत तेही उभं राहतं. संध्याकाळी घरी येऊन सांगतं, "घेतलं ॲडमिशन." कशाला घेतलं, पुढं काय होणार, कुणी विचारत नाही. दोन वर्षांनी तेच पोर भट्टीवर दिसतं. म्हणून ठरवायचं ते आत्ता, पावसाच्या आधी.

शिकलं की जमीन सुटते का?

काही म्हातारी माणसं आम्हाला विचारतात, "पोरगं शिकलं की शहरात जाणार. मग एवढं लढून घेतलेला प्लॉट कसणार कोण?" प्रश्न खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही.

२००६ च्या कायद्यात एका दाव्याला जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन मिळते, तीही प्रत्यक्ष कसत असाल तेवढीच. आपल्यात बहुतेकांची एक-दोन एकर. हा हक्क वारसानं पोरांकडे जातो, नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, पण विकता येत नाही. चांगलंच आहे. पण जमीन वाढत नाही आणि घरात तीन पोरं असतात. नाचणी-वरई पुरते ती काही महिने. त्यानंतर भट्टी. म्हणजे न शिकलेलं पोरसुद्धा वर्षाचा अर्धा काळ गावात नसतंच. शिकायचं ते जमीन सोडायला नाही, भट्टी सोडायला.

दुसरी गोष्ट. १९४५ साली आपल्या आजा-पणज्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचणारं आपल्यात जवळजवळ कुणी नव्हतं. अंगठा देऊन जमिनी गेल्या. आज कागद बदलला, पण कागदाचं राज्य तेच आहे. दावा नामंजूर झाला तर ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जावं लागतं. नकाशावर आपला बांध कुठं, ओढा कुठं, कमी क्षेत्र कुठं दाखवलंय, हे बघायला आपलाच माणूस पाहिजे. दरवेळी संघटनेचा कार्यकर्ता येईपर्यंत थांबलात तर ६० दिवस कधी गेले ते कळणारही नाही.

आधी तीन प्रश्न

कॉलेजचं नाव घेण्याआधी आई, बाप आणि पोर यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरं काढावीत.

पहिला: पोराचा कल कशात आहे? नुसते मार्क बघू नका. घरातलं इंजिन बंद पडलं तर कोण उघडतं? रेशनचा हिशोब कोण धरतं? शेळी आजारी पडली, आजी आजारी पडली, तर जवळ कोण बसतं? चारचौघांत न घाबरता कोण बोलतं? हे शाळेच्या गुरुजींपेक्षा आईला जास्त माहीत असतं.

दुसरा: हे शिकून काम कुठं मिळेल? "नोकरी लागेल" हे उत्तर नव्हे. कोण देईल, किती लांब, आणि नोकरी नाही मिळाली तर स्वतःच्या हातानं काय करता येईल, ते सांगा.

तिसरा: शेवटच्या वर्षापर्यंत सगळा खर्च किती? फी एकटी धरू नका. खोली, जेवण, एसटी, वह्या-पुस्तकं, हत्यारं, गणवेश, परीक्षेचे फॉर्म, सगळं धरा. पहिल्या वर्षाचे पैसे जमले आणि दुसऱ्या वर्षाचे नाहीत, तर पहिल्या वर्षाचेही वाया गेले.

कोणकोणते रस्ते आहेत

आपल्याकडं दोनच रस्ते माहीत आहेत, आर्ट्सची बी.ए. आणि डी.एड. ज्याला खरंच गुरुजी व्हायचं आहे त्यानं व्हावं, आपल्या पोरांना आपल्या बोलीत शिकवणारा गुरुजी पाहिजेच आहे. पण खाजगी डी.एड. कॉलेजं खूप निघाली आणि भरती तेवढी नाही. पदविका घेऊन घरी बसलेली पोरं आपल्या पाड्यांत आहेत, त्यांना जाऊन विचारा. बी.ए.चंही तसंच. तिच्या जोरावर पुढं वकिली, तलाठ्याची परीक्षा असं काही ठरवलं असेल तर चांगली. काहीच ठरवलं नसेल तर ती तीन वर्षं फक्त पुढं ढकलणं आहे.

आयटीआय. सरकारी आयटीआयत फी कमी आणि हाताला काम. वीजतंत्री, डिझेल मेकॅनिक, जोडारी यांना दहावी पास लागते. वायरमन, वेल्डर, सुतारकाम यांना आठवी पासही चालते. म्हणजे दहावीत नापास झालेल्या पोरानं तोंड लपवायची गरज नाही. आपल्या पाड्यांत वीज आली, पंप आले, मोटारसायकली आल्या, पण दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येतो आणि अर्ध्या दिवसाची मजुरी घेऊन जातो. ती मजुरी आपल्या पोराची का नको?

याच आयटीआयत सर्व्हेअर, म्हणजे मोजणीदाराचा एक अभ्यासक्रम असतो. आरेखकाचाही असतो. सगळ्या ठिकाणी नसतो, विचारून घ्या. ज्या पोराचं गणित बरं आहे त्यानं याचा विचार करावा. जमिनीच्या लढाईत आपल्याला सगळ्यात जास्त कमी पडतो तो मोजणी कळणारा माणूस. ग्रामसभेचा वनहक्काचा नकाशा असो की भावकीतला बांधाचा वाद, त्याला काम कायम राहणार.

नर्सिंग. एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची. उपकेंद्रात नर्सबाई आपल्या भाषेतली असली तर बाळंतीण घाबरत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र बारावीला सायन्स आणि जीवशास्त्र लागतं.

शेती. दहावीनंतर कृषी पदविका आहे. बारावी सायन्सनंतर चार वर्षांची कृषी पदवी आहे. आपल्या कोकणाचं कृषी विद्यापीठ दापोलीला आहे, तिथं वनशास्त्राचंही कॉलेज आहे. जंगल राखणारे आपण, पण जंगलाचा साहेब बाहेरचा. हे बदलायचं तर कुणीतरी तिथपर्यंत गेलं पाहिजे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्यांच्या ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला. बांबू किती तोडायचा, किती राखायचा, पास कसा लिहायचा, पैसा कसा वाटायचा, हे सगळं काम गावाला करावं लागतं. उद्या आपल्याला हक्क मिळाला तर हे हिशोब कोण ठेवणार? कॉमर्स शिकलेली पोर इथं लागते.

वकिली. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. वाट लांबची आहे, पण कोर्टात आपली बाजू आपल्या माणसानं मांडणं याला तोड नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अकरावीला आर्ट्स घेतलं की नर्सिंगची पदवी, कृषी पदवी, इंजिनिअरिंग यांचं दार बंद होतं. सायन्स घेऊन नंतर आर्ट्सकडं येता येतं, उलटं जाता येत नाही. पण म्हणून दहावीला गणितात रखडत पास झालेल्या पोराला भिडेपोटी सायन्सला घालू नका. ते बारावीला अडकतं आणि धीर सोडतं. दहावीनंतर थेट आयटीआय किंवा पदविका घेणं यात काही कमीपणा नाही.

कॉलेज कसं पारखायचं

बैल घ्यायला गेलो तर आपण दात बघतो, चालवून बघतो. कॉलेजला मात्र नुसती पाटी बघून पैसे देतो. एजंट पाड्यावर येतो, गाडीतून येतो, "सीट संपतायत" म्हणतो. ज्याला घाई आहे त्याचा माल खोटा समजा.

आधी सरकारी, मग अनुदानित, सगळ्यात शेवटी खाजगी. मान्यतेचा कागद बघायला मागा. नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, डी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, इंजिनिअरिंगच्या पदविकेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. बी.ए., बी.कॉम.चं कॉलेज विद्यापीठाशी जोडलेलं पाहिजे. "मान्यता येणार आहे" असं म्हणाले तर उठून या.

तिथं दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरांना गाठा. वर्ग भरतात का, यंत्रं चालतात का, मागच्या वर्षीची पोरं आता काय करतात, हे विचारा. गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्याशिवाय मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. मूळ कागद द्यावेच लागले तर पोच घ्या. पैशाची पावती घ्या. पावती नाही तर पैसा नाही.

कागद आणि पैसा

जातीचा दाखला प्रांताचा, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. जात पडताळणीला वेळ लागतो, म्हणून बारावीची वाट बघू नका. आपल्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेलाच नव्हता, तर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तहसीलमधून काढाव्या लागतात. घरात काका, चुलतभाऊ यांची पडताळणी झाली असेल तर तो कागद जोडा. आणि आजच्या आज शाळेच्या रजिस्टरात पोराची जमात कशी लिहिली आहे ते बघा. कुठं नुसतं "हिंदू" असतं, कुठं मल्हार कोळ्याचं नुसतं "कोळी" असतं. पोर शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते, दाखला निघाल्यावर फार त्रास होतो. आपल्याच नावावर खोटे दाखले काढून आपल्या जागा खाणारे लोक आहेत. त्यांना ढीगभर कागद मिळतात आणि खरा आदिवासी एका अक्षरासाठी दारात उभा राहतो. हे चालू द्यायचं नाही.

शिष्यवृत्ती आणि सरकारी वसतिगृह यांची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा, आपल्याकडं जव्हारला आणि डहाणूला आहे. वसतिगृहाचा फॉर्म कॉलेजच्या फॉर्मबरोबरच भरा. शिष्यवृत्ती मिळते पण उशिरा मिळते, म्हणून पहिले काही महिने घरच्या पैशावर निघतील असं धरूनच चला.

आणि आता नीट ऐका. फीसाठी वनहक्काचा पट्टा कुणाकडं ठेवू नका. हा हक्क हस्तांतरित होत नाही, असं कायदाच म्हणतो. सावकारानं स्टॅम्पपेपरवर काहीही लिहून घेतलं तरी जमीन त्याची होत नाही. पण एकदा भीती बसली की पीक तो नेतो, आणि पट्टा त्याच्या पेटीत राहतो. जुन्या सातबाऱ्याच्या जमिनीलाही कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडं गहाण टाकता येत नाही. पैसे कमी पडले तर बचत गटात बोला, पाड्यात बोला, संघटनेत बोला. एका पोराच्या पहिल्या तीन महिन्यांचा खर्च पाड्यानं मिळून उचलणं अशक्य नाही. लग्नाला, मयताला आपण उचलतोच की.

पोरींबद्दल

"पोरगी परक्या घरची, तिच्यावर कशाला खर्च?" हे आपलं बोलणं नव्हे, हे बाहेरून आलं. आपल्यात पोरीचं देज दिलं जातं, कारण तिच्या कामाची किंमत आपल्याला ठाऊक आहे. पट्ट्यावर बाईचं नाव नवऱ्याइतकंच आहे. मग दहावीनंतर तिचंच शिक्षण पहिलं का थांबतं? बहुतेक वेळा कारण एकच, राहायची भीती. म्हणून आईनं स्वतः जाऊन वसतिगृह बघावं, बाईसाहेबांशी बोलावं, पाड्यातल्या दोघी-तिघींना एकाच ठिकाणी घालावं. सोबत असली की पोरी टिकतात.

पोरांनो, तुमच्यासाठी

आई-बापानं सांगितलं म्हणून किंवा मित्र गेला म्हणून जाऊ नका. पटत नसेल तर तोंडावर सांगा. आई-बापांनो, तुम्हीही ऐकून घ्या. शहरात गेल्यावर कुणी तुमच्या बोलण्याला, नावाला हसेल. त्या हसण्यानं परत येऊ नका, आणि आपली बोलीही टाकू नका. पहिले तीन महिने सगळ्यात अवघड असतात. पळून यावंसं वाटलं तर आधी आम्हाला निरोप द्या, आम्ही येऊ. शिकून झाल्यावर गावातच राहा अशी सक्ती कुणी करणार नाही. पण ग्रामसभेला या, आणि वर्षातून निदान एकदा मागच्या पोरांना बसवून रस्ता दाखवा.

पावसाच्या आधी करायची कामं

प्रत्येक पाड्यानं दहावी-बारावीच्या पोरापोरींची यादी करावी. नापास झालेले आणि शाळा सुटलेलेही त्यात घ्यावेत. दर पाड्यातून एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी नेमावी, तिनं सगळ्यांचे कागद तपासावेत. फॉर्म भरायच्या दिवसांत आवणीचं काम पाड्यानं वाटून घ्यावं, म्हणजे प्रत्येक पोराबरोबर घरातलं एक मोठं माणूस तालुक्याला जाऊ शकेल. यादी पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्यांची यादी येईल त्यांच्याबरोबर आम्ही आयटीआयत आणि प्रकल्प कार्यालयात येऊ.

जमीन मिळवायला आपल्याला पिढ्या लागल्या. ती टिकवायचं काम आता या पुढं बसलेल्या पोरांचं आहे. त्यांना त्या कामाला लायक करायचं काम आपलं आहे.

जिंदाबाद!