दुकानाच्या मॅनेजरचा पगार : मोजायचा कसा?
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खानदेशातून आपली कितीतरी घरे सुरतेला आली ती कापडाच्या धंद्यामागे. पहिली पिढी लूमवर उभी राहिली. आज डिंडोलीतल्या त्याच घरांतली मुले रिंगरोडच्या कापड मार्केटात, साडीच्या शोरूममध्ये, मॉलमध्ये मॅनेजर आहेत. तरी स्थळ पाहताना "पगार किती?" एवढेच विचारतात आणि "दुकानातच आहे ना!" म्हणून विषय मिटवतात. तो पगार योग्य की अपुरा, हे कसे ठरवायचे, तेवढेच आज बोलू.

आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलो. आमचा पगार सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात छापलेला असतो. दुकानाला असे कोष्टक नाही, म्हणून नुसता आकडा शेजारी ठेवून तुलना होत नाही. शिवाय गुजरात सरकारात वर्ग ३ मध्ये नव्याने लागलेल्या मुलालाही पहिली पाच वर्षे फिक्स पगारच असतो, हे स्थळ पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पहिली गोष्ट, तास मोजा. समजा एका मुलाला ३०,००० रुपये मिळतात. महिन्याचे २६ दिवस, रोज ११ तास, म्हणजे २८६ तास. तासाला पडले सुमारे १०५ रुपये. दुसऱ्याला २६,०००, पण काम ९ तासच. त्याचे २३४ तास, तासाला १११ रुपये. आता जास्त पगार कोणाचा? लग्नसराईत आणि दिवाळीत रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते, तेही या हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट, पगाराची फोड पाहा. सीटीसीमध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफसुद्धा धरलेला असतो. तो हातात येत नाही. मूळ पगार किती, हे विचारा, कारण ग्रॅच्युइटी मुख्यतः त्यावर मिळते. मूळ पगार १५,००० असेल, तर दहा वर्षांनी १५ भागिले २६ या सूत्राने सुमारे ८६,५०० रुपये होतात. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले, तर ही रक्कमही घटू शकते. ईएसआयसीची मर्यादा २१,००० आहे. बढती मिळून पगार त्यापुढे गेला, की काही काळाने दवाखान्याचे ते छत्र जाते. म्हणून वाढीतून आधी घरच्यांचा मेडिक्लेम काढा, मग मोबाइलचा हप्ता.

तिसरी गोष्ट, जबाबदारी. गल्ल्याचा रोजचा मेळ, जीएसटीचे बिल, परत आलेला माल, सेल्समनच्या रजा, महिन्याचे टार्गेट, सगळे मॅनेजरच्या डोक्यावर. स्टॉक मोजताना माल कमी भरला, तर भरपाई कोणाकडून, हे लेखी आहे का? हाताखाली चार माणसे आणि हाताखाली वीस माणसे, दोघांनाही लोक मॅनेजरच म्हणतात; पण पगार सारखा असू नये.

मग बाजारभाव काढा. तेवढ्याच विक्रीच्या, तेवढ्याच माणसांच्या दोन-तीन दुकानांत चौकशी करा. साडीच्या शोरूमची तुलना किराण्याशी नको. मालकाची बाजूही पाहावी. पगार शेवटी विक्रीतूनच निघतो. पण विक्री वाढवणाऱ्या माणसाला त्यात इन्सेंटिव्ह मिळायला हवा, आणि तो किती व केव्हा, हे आधी ठरलेले हवे.

आपल्यातही काहींची दुकाने आहेत. त्यांना विनंती, की माणसाला नेमणूक-पत्र आणि पगाराची चिठ्ठी द्या. बँकेत कर्ज मागताना तोच कागद त्याच्या कामाला येतो.

आणि मुलींच्या आई-वडिलांनो, पुढचे स्थळ आले की पगाराबरोबर तास, पीएफ आणि जबाबदारीही विचारा. एक अख्खे दुकान सांभाळणारा मुलगा घरही सांभाळू शकेल, एवढा विश्वास त्याच्यावर ठेवायला हरकत नाही.