घाम मजुराचा, साक्ष मोबाइलची



मजुराने काम केले, हे सिद्ध कशाने होते? आपल्या रोजगार हमी योजनेत या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले आहे. १९७२च्या दुष्काळात या योजनेने हजारो घरांची चूल पेटती ठेवली. वि. स. पागे तिचे जनक. १९७७मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हा कामाचा पुरावा म्हणजे मस्टर आणि त्यावरचा अंगठा. मस्टरवर खोटी नावे चढत, हेही खरेच.

त्यावर उतारा म्हणून मोबाइल आला. १ जानेवारी २०२३पासून मनरेगाच्या जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर मेटने दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणाच्या नोंदीसह, ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता. पण धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात रेंज सापडणे हेच एक काम! शिवाय मजुरी ठरे खोदलेल्या मातीच्या मापावर. तरी काम लवकर उरकलेल्या बाईला दुसऱ्या फोटोसाठी थांबणे भाग. आणि लबाडी थांबली का? जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले, की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचेच फोटो चढवले जात आहेत. उपाय काय सांगितला? माणसांनी फोटो तपासावेत! म्हणजे फिरून माणसावरच आले.

आता मजुरीचे पाहू. १ जानेवारी २०२४पासून ती आधारवर आधारित पद्धतीनेच देण्याचे ठरले. या पद्धतीत पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. आधारला शेवटी जे खाते जोडले, तिकडे जातात. समजा, एखाद्या बाईने लाडकी बहीण योजनेसाठी नवे खाते उघडून आधारला जोडले. तिची मजुरीही तिकडेच वळते आणि ती मात्र जुन्या बँकेच्या पायऱ्या झिजवते. आधार आणि जॉबकार्डावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला, तरी गाडे अडते. होळीपूर्वी मजुरी हाती यावी, एवढीच मेळघाटातल्या कोरकू कुटुंबांची अपेक्षा असते. मनरेगा कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन होते आणि उशिराबद्दल रोज ०.०५ टक्के भरपाई. २०२५-२६च्या ३१२ रुपयांच्या रोजीवर ती दिवसाला होते सुमारे १६ पैसे!

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सरकारी लाभांसाठी आधारची सक्ती मान्य झाली; पण त्याच निकालात बहुमताने असेही म्हटले, की निवृत्तिवेतनासारखे कमावलेले हक्काचे पैसे या ‘लाभा’त मोडत नाहीत. मग घाम गाळून मिळवलेली मजुरी लाभ की कमाई? माझ्या मते ती कमाईच.

खासगीपणाचे म्हणाल, तर गावासमोर मस्टर वाचणे ही पारदर्शकता आहे. तिच्यामुळे मजूर कारभाऱ्याला जाब विचारू शकतो. पण राबणाऱ्या बायांचे फोटो संकेतस्थळावर साऱ्या जगासाठी खुले ठेवले गेले, त्याने कोणाचा हात बळकट झाला? साहेबाच्या हजेरीचा फोटो असा कुठे लागतो?

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. बायोमेट्रिक ओळख मात्र आता कायद्यातच आली. यंत्राला माझा विरोध नाही. मागणी एवढीच, की यंत्र अडले तर कागदावरची हजेरी ग्राह्य धरावी, रोजच्या हजेरीची चिठ्ठी मजुराच्या हाती द्यावी आणि चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी कार्यालयाची असावी. धारणीच्या बाईने त्यासाठी एक दिवसाची रोजी बुडवून तालुक्याला खेटे घालू नयेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)