क्लचची ताकद कोठून येते?



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकलेली आहेत. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण थोडे गॅरेजात आणि बरेचसे युनियनच्या कचेरीत झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही महागाई किंवा कंत्राटी कामगार असे काही सुचवू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कागदावर लिहून दिले : मोटरसायकलचा क्लच आणि घरी कापलेले पॅकिंग. चालकांनी तो कागद दोनदा वाचला, पण नाही म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार मानून विषयाकडे वळतो.

आमच्या युनियनकडे एक जुनी बुलेट आहे. साडेतीनशे सी.सी.ची, ओतीव लोखंडी सिलिंडरची, उजव्या पायाने गिअर टाकायची. ही जात मूळची इंग्लंडची. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. प्रथम तिकडून आलेले भाग येथे जोडले जात, पुढे सबंध गाडीच येथे होऊ लागली. इंग्लंडातले उत्पादन १९७० साली बंद पडले, मद्रासचे मात्र चालू राहिले. लोखंडी सिलिंडरचे ते इंजिन आता नव्याने होत नाही, पण जुनी इंजिने गावोगाव अजून धावताना दिसतात. याचे कारण असे की, ती खोलता येतात, समजून घेता येतात आणि साध्या हत्यारांनी पुन्हा जोडता येतात.

आता क्लच म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंजिन फिरतच असते. चाकाला मात्र कधी फिरायचे असते, कधी थांबायचे असते. या दोघांत दर वेळी तडजोड घडवून आणतो तो क्लच. गाडीच्या डाव्या अंगाला झाकणाखाली इंजिनच्या साखळीने फिरणारा एक ड्रम असतो. त्यात दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एका प्रकारच्या चकत्यांना घर्षणाचे अस्तर असते आणि त्या ड्रमच्या खाचांत अडकून इंजिनबरोबर फिरतात. दुसऱ्या साध्या पोलादी, त्या गिअरपेटीच्या दांड्याशी बांधलेल्या. स्प्रिंगा या साऱ्यांना एकत्र दाबून धरतात. आपण हँडलवरची मूठ दाबली म्हणजे पोकळ दांड्यातून जाणारी सळई तो दाब उचलते, चकत्या सुट्या होतात आणि इंजिन एकटेच फिरू लागते.

आमचा क्लच घसरला तो खंबाटकीच्या घाटात. रात्री पुण्याची सभा आटोपून साताऱ्याकडे येत होतो, मागे एक कार्यकर्ता, त्याच्या मांडीवर पत्रकांचे गठ्ठे. चढावर इंजिन ओरडू लागले, पण गाडी पुढे सरकेना. शेवटी दोघांनी उतरून ढकलली. दोष गाडीचा नव्हता. कित्येक वर्षे तिच्यावर दुप्पट ओझे लादले ते आम्ही, आणि क्लचच्या पेटीत मोटारकारचे तेल ओतले तेही आम्हीच. हल्लीच्या कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. कारचा क्लच बहुधा कोरडा असल्याने तिला ते मानवते, पण तेलात बुडालेल्या क्लचला ते घातक ठरते. यासाठी जपानी मोटारधंद्याने १९९८ साली एक प्रमाण ठरवले. डब्यावर जे.ए.एस.ओ. एम.ए. अशी अक्षरे असतील तर ते तेल ओल्या क्लचला चालते, एम.बी. असेल तर चालत नाही. पाचशे रुपयांच्या तेलाचा डबा विकत घेताना दोन अक्षरे वाचायचा आळस करू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जण करतात तेच केले. स्प्रिंगांखाली वॉशर घातले आणि त्या आवळल्या. घसरणे थांबले. पण मूठ इतकी जड झाली की, गावातल्या चार चौकांत थांबत थांबत गेले तर पंजा वळेनासा होई. दोन महिन्यांत मनगट सुजले. शिवाय सळईवरचा दाब वाढला, तिची टोके झिजू लागली, तारेचे धागे तुटू लागले. आणि स्प्रिंग फार आवळली म्हणजे तिचे वेढे एकमेकांवर बसतात, मग मूठ दाबूनही क्लच पुरता सुटत नाही.

तेव्हा आम्ही पुस्तक काढून बसलो. क्लचची ताकद म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार आहे : अस्तराचे घर्षण, स्प्रिंगांचा दाब, चकतीची सरासरी त्रिज्या आणि एकमेकींना भिडलेल्या पृष्ठांची संख्या. समजा, अस्तराच्या तीन चकत्या आहेत. प्रत्येकीची दोन अंगे, म्हणजे सहा पृष्ठे. चौथी चकती घातली की पृष्ठे झाली आठ. स्प्रिंगा त्याच, हाताला जडपणा तोच, पण ताकद एकतृतीयांशाने वाढली. प्रत्येक पृष्ठावर पहिल्याइतकाच दाब आहे, फक्त ओझे वाहायला दोन पृष्ठे जास्त आली. घरी मुलांच्या दोन वह्या घ्या, त्यांची पाने एकाआड एक एकमेकांत सारा आणि मग ओढून पाहा. एका पानाची पकड काहीच नसते, सगळ्या पानांची मिळून ती सुटता सुटत नाही.

युनियनमध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा हिशेब पाहून काय वाटले असेल, ते आपण ओळखलेच असेल. तीन माणसांवर दाब वाढवूनही काम निघते, चौथा माणूस घेऊनही निघते. पहिल्या उपायाचा खर्च हिशेबाच्या वहीत दिसत नाही, तो कुणाच्या तरी मनगटात दिसतो.

जादा चकतीचा मार्ग चांगला, पण त्याला मोजमाप लागते. ड्रममध्ये जागा मोजकीच असते. जुना गठ्ठा व्हर्नियरने मोजून घ्यावा आणि नवा गठ्ठा तेवढ्याच उंचीचा बसेल अशा पातळ पोलादी चकत्या निवडाव्या. जाड गठ्ठा कोंबला तर दाब उचलायला जागा उरत नाही आणि गिअर करकरू लागतो. पोलादी चकती काचेवर ठेवून पाहावी. ती डुलत असेल किंवा तापून निळी पडली असेल तर बदलावी. ड्रमच्या खाचांना चकत्यांनी खड्डे पाडले असतील तर ते कानशीने सपाट करावे, नाहीतर चकत्या त्यांत अडकून बसतात. अस्तराच्या नव्या चकत्या रात्रभर तेलात भिजवून मगच बसवाव्या. शेवटी मुठीच्या टोकाला दोनतीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. एवढे करून आम्ही पुन्हा खंबाटकी चढलो, मागे तोच कार्यकर्ता आणि तसेच गठ्ठे.

आता पॅकिंगकडे येऊ. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. आमच्या गाडीत क्लचच्या झाकणाला रबरी कडे असते, ते घरी होत नाही, नवे आणावे लागते. पण उजव्या बाजूला टायमिंगच्या झाकणाखाली कागदी पॅकिंग असते, ते घरी कापता येते. हे पाहा, आम्ही एक कापून आणले आहे. दुकानात गॅस्केटचा कागद ताव्याने मिळतो. जुने पॅकिंग जितके जाड होते तितक्याच जाडीचा घ्यावा. झाकणाच्या कडेला बोटाने तेल लावावे, झाकण कागदावर दाबावे, म्हणजे छाप उठतो. आधी भोके पाडावी, मग आतली रेघ कापावी, बाहेरची कड सर्वांत शेवटी. बाहेरून आधी कापले तर कागद हलतो आणि भोके सरकतात. झाकणावर कागद धरून हातोडीने ठोकत कापण्याची आपल्याकडे रीत आहे. तिने ॲल्युमिनियमची कड बोथट होते, ती टाळावी. हेडचे पॅकिंग मात्र कागदाचे कधीही करू नये, तेथे ज्वाळा असते. तांब्याचा वॉशर असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की पुन्हा मऊ होतो आणि वापरता येतो.

भोके आधी पाडा असे आम्ही का सांगतो, त्याची एक हकीकत आहे. १९८८ साली आम्ही सोळा वर्षांचे होतो आणि एका गॅरेजात हेल्पर होतो. टायमिंगच्या झाकणाचे पॅकिंग आम्ही कापले. बोल्टांची सारी भोके पाडली. पण त्या पॅकिंगमध्ये एक बारीक भोक असते, त्यातून तेल पंपाकडे जाते. तेवढेच राहिले. झाकण बसले, गाडी सुरू झाली, गिऱ्हाईक घेऊन गेले आणि काही मैलांवर इंजिन जाम झाले. मालक संतापून आला. आम्ही काही बोलण्याआधी आमचे उस्ताद म्हणाले, "भोक माझ्याकडून राहिलं." त्यांच्या पगारातून पाच महिने पैसे कापले गेले. आम्हाला ते एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी जुनं पॅकिंग नव्यावर ठेवून भोकं मोजायची." आम्ही आजही मोजतो.

या उस्तादांमुळेच आज हा विषय घेतला. त्या काळी पॅकिंगच्या ताव्यात, क्लचच्या आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. जुने पॅकिंग आम्ही कोरडेच खरवडत असू, अस्तर पॉलिश कागदाने घाशीत असू आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने फुंकून उडवीत असू. रोज तीन-चार गाड्या, उस्तादांनी तर तीस वर्षे. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथेच राहतात. त्यांपासून फुप्फुसे ताठरतात, कर्करोग होतो, आणि तो रोग दिसायला पुष्कळदा वीस, तीस, चाळीस वर्षे लागतात. साठीच्या आत उस्तादांना चार पायऱ्या चढवेनात. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, कोठे काम केले, किती वर्षे, कोणत्या मालावर? सांगायला माणूस होता, दाखवायला कागद नव्हता. उस्ताद गेले ते दमेकरी म्हणून.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी एक मोठा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ पुढे संपेल तोवर जपावी, असा आदेश आहे. निकाल उत्तम आहे. पण दोन-चार माणसांच्या गॅरेजला कारखान्याचा कायदा लागू होत नाही. ज्या पोराचे नावच हजेरीपटावर नाही, त्याच्या प्रकृतीची नोंद कोण ठेवणार?

म्हणून घरी काम करणाऱ्यांना आमची विनंती अशी. जुनी गाडी खोलाल तेव्हा आतल्या जुन्या अस्तरात आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चला. फुंकू नका, घासू नका. पॅकिंग तेलाने भिजवून मग खरवडा, धूळ साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि ते सारे पिशवीत बांधून टाका. नवा माल घेताना ॲस्बेस्टॉस नसलेला मागून घ्या. ही काळजी आपण स्वतःच्या घरात आनंदाने घ्याल, याची आम्हाला खात्री आहे.

पण आपल्यापैकी बहुतेक जण गाडी घरी खोलत नाहीत, गॅरेजात देतात. तेथे आपण बाकावर चहा पीत बसतो आणि समोर एक पोर ड्रम तोंडाशी धरून फुंकत असते. पुढच्या वेळी उठून त्याला थांबवा. मालकाला म्हणा, "ओल्या फडक्याने पुसू द्या, दहा मिनिटे उशीर चालेल." गिऱ्हाइकाने सांगितलेले मालक ऐकतो, युनियनवाल्याचे ऐकेलच असे नाही. एकाने सांगून फार होणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. या मंडपात आज तीनशे माणसे तरी बसली आहेत.

सभेनंतर हे पॅकिंग आम्ही येथे टेबलावर ठेवतो. ज्यांना हवे त्यांनी हातात घेऊन पाहावे. ते बारीक भोक कोठे आहे, तेही दाखवू.