जबड्याची बिजागरी



कान ठणकू लागला की कोणी कानात कोमट तेल घालतो, कोणी दाढ किडली असेल म्हणून चांगली दाढ उपटून घेतो. तरी दुखणे राहतेच. अशा वेळी कित्येकदा दोष कानाचा नसतो नि दाढेचाही नसतो. तो असतो जबड्याच्या सांध्याचा.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली काहीतरी हलते ना? तोच हा सांधा. दोन्ही बाजूंना एकेक. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा फिरतो आणि तोंड मोठे उघडले की पुढे सरकतोही. दोन हाडांमध्ये चिवट तंतूंची चकती असते. ती जागची हलली की ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल, तर उपचारांची गरज नाही.

दुखते ते बहुधा भोवतालचे स्नायू थकल्यामुळे. कोणी झोपेत दात खातो, कोणी काळजीत दिवसभर दात आवळून बसतो. मूल दात खाते म्हणजे पोटात जंत, असे आपण समजतो; पण तसे असतेच असे नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे : एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे असावेत.

उपाय पुष्कळसे घरचेच आहेत. काही दिवस भाकरी दुधात कुस्करून खावी. मऊ भात, पेज, पिठले घ्यावे. ऊस आणि फुटाणे बंद. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी. दिवसातून दोनतीनदा दहा-पंधरा मिनिटे सोसेल तेवढा शेक द्यावा. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. न पडल्यास दंतवैद्य व्यायाम सांगतात, रात्री दातांवर बसवायची पट्टी करून देतात. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. घाईने दात काढणे किंवा घासून घेणे टाळावे. गेलेला दात परत येत नाही.

जांभई देताना जबडा निखळून तोंड उघडेच राहिले, तर थप्पड मारून बसवू नये. डॉक्टर तो खाली दाबून मागे सरकवतात. आणि जखमेनंतर दातखीळ बसू लागली, तर तो धनुर्वात असू शकतो. तडक इस्पितळ गाठावे.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. मूल झाडावरून किंवा पायरीवरून हनुवटीवर पडते. हनुवटीची जखम भरते, पण कानाजवळचे हाड मोडलेले कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे सांधा जखडतो. तोंड हळूहळू कमी उघडते, जबड्याची वाढ खुंटते, चेहरा वाकडा होतो. मूल घास चिवडत बसते आणि आपण त्याला आळशी म्हणतो! सांधा एकदा जखडला की शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही. वेळीच दाखवले, तर बहुधा ही पाळी येत नाही.

पारख सोपी आहे. मुलाने स्वतःची तीन बोटे एकावर एक, उभी, तोंडात घालावीत. ती मावली तर ठीक. दोनच मावली, तर पालकांना बोलवा.

हीच पारख सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांनीही करावी. तेथे बिघाड सांध्यात नसतो. सुपारीने गालांचे आतले अस्तर ताठर होते. ते पूर्ववत होणे कठीण, आणि पुढे कर्करोगाचे भय. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; सुपारी मात्र आपली आपणच सोडावी लागते.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तेथे जाता येते.

तेव्हा मंडळी, उद्या शाळा भरली की प्रार्थनेनंतर दोन मिनिटे काढा. तीन बोटे, एवढेच माप!